वेठीला धरलेला यंत्रमानव

मराठीनं 'रोबो'ला यंत्रमानव म्हटलं, याचं मला कवी म्हणून नेहमी कौतुक वाटतं. कारण मूळ शब्दात मानव कुठंच नाही. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून तो शब्द जगभर गेला. चापेकला तो सुचवला त्याच्या चित्रकार भावानं, योसेफनं. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर सक्तीनं राबणं. आपण त्याला वेठबिगार म्हणतो. यातली 'वेठ' संस्कृतातल्या 'विष्टि'पासून आली आणि 'बिगार' फारसीतून. आमच्या घरच्या दखनी बोलीतही 'बेगार' आहेच. फुकट राबवून घेण्याच्या बाबतीत सगळ्या भाषांचं बरं जमतं!

चापेकच्या नाटकातले रोबो लोखंडाचे नाहीत. ते कारखान्यात तयार होतात, पण दिसतात हुबेहूब माणसासारखे. एक दिवस ते बंड करतात आणि माणसांचा नायनाट करतात. जिवंत ठेवतात फक्त एकाला, आल्क्विस्ट नावाच्या बांधकामवाल्याला. का? तर तो त्यांच्यासारखाच हातांनी काम करतो म्हणून. शंभर वर्षांपूर्वीच्या या नाटकातली ही एवढीशी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते.

याच्याही शंभर वर्षं आधी, १८१८ मध्ये, मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाईन' आली. पुष्कळांना वाटतं, फ्रँकेन्स्टाईन हे त्या राक्षसाचं नाव. नाही, ते त्याला घडवणाऱ्याचं नाव. घडवलेल्याला नावच नाही. डोळे उघडताच निर्माता त्याला टाकून पळतो. पुढं तो जो संहार करतो, त्याचं मूळ या पोरकेपणात आहे.

पुढं आपल्या पुण्यात स्थायिक झालेल्या डॉ. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत जमिनीखाली खोलवर एका लुप्त संस्कृतीचा ज्ञानठेवा सापडतो आणि त्याच्या आधारे यंत्रमानव घडवला जातो. हा वामन कमालीचा बुद्धिमान. पण त्याला आपल्यासारखे आणखी वामन हवे असतात, आणि धोका तिथं सुरू होतो. नावातच सूचना आहे. पुराणातला बटू तीन पावलं जमीन मागतो आणि बघता बघता सगळं व्यापतो.

मात्र याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली, तिथं वामनाची गोष्ट उलट्या बाजूनं वाचली. बळी हा कष्टकऱ्यांचा राजा आणि वामन त्याला गाडणारा. आजही मराठी माणूस बळीचं राज्य येवो असंच म्हणतो. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की मला प्रश्न पडतो, यंत्रमानव नक्की कोण? आपल्याला गाडायला आलेला वामन, की आपणच पाताळात ढकललेला बळी?

सिनेमानं याचं उत्तर सोप्या भाषेत दिलंय. २०१० सालचा तमिळ 'एंदिरन', हिंदीतला 'रोबोट', आठवा. त्यात चिट्टीचं काम करणारे रजनीकांत म्हणजे शिवाजीराव गायकवाड. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यात, जेजुरीजवळ मावडी कडेपठारला. शेवटी चिट्टी स्वतःचे भाग स्वतःच सुटे करतो. पुढं संग्रहालयात एक शाळकरी मुलगी विचारते, याला मोडून का ठेवलं? तो सांगतो, मी विचार करायला लागलो म्हणून.

हे ऐकून सभागृहात हसू येतं, पण हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. घरकामाच्या बाईनं सुट्टी मागितली, वॉचमननं पगाराची तारीख विचारली, की 'फार शहाणे झालेत' असं आपणच म्हणतो. यंत्र बिघडेल याची भीती या कथांमध्ये नसतेच. राबणारा एक दिवस विचार करील, हिशेब मागेल, ही ती भीती आहे. यंत्राचं नुसतं निमित्त.

आता मराठीत बोलणारी, पत्र लिहून देणारी, मागितली तर कविताही जुळवून देणारी यंत्रं खिशात आली आहेत. त्यांना मन आहे का, यावर पंडित वाद घालतील. मला काळजी वेगळीच वाटते. दिवसभर 'हे कर, ते शोध, गप्प बस' असं यंत्राला फर्मावणारं पोर संध्याकाळी रिक्षावाल्या काकांशी कसं बोलणार आहे? हुकमाची सवय जिभेला लागते, समोर कोण आहे हे जीभ बघत नाही.

म्हणून मला आपला मराठी शब्द जपावासा वाटतो. यंत्राला मानव म्हणण्याइतकं मोठं मन ज्या भाषेनं दाखवलं, त्या भाषेत माणसाला यंत्र समजून वागवलं जाऊ नये, एवढंच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)