रक्षकच उलटतो तेव्हा



हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम हे नाव परके वाटले तरी लक्षात ठेवण्याजोगे आहे. या बालरोगात तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट घटतात, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. पुष्कळदा जुलाबाच्या जंतूंचे विष त्यास कारणीभूत असते. परंतु काही बालकांत ‘कॉम्प्लिमेंट’ ही संरक्षक प्रथिनमालिकाच स्वतःच्या रक्तवाहिन्यांवर उलटते. कारण तिला आवरणाऱ्या ‘फॅक्टर एच’ या प्रथिनाविरुद्ध शरीर प्रतिद्रव्ये निर्माण करते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात अशी १३८ बालके होती, म्हणजे या रोगाच्या रुग्णांपैकी ५६ टक्के! पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण पुष्कळ कमी. म्हणून येथील डॉक्टरांना मूल भारतीय वंशाचे असल्याचे सांगून प्रतिद्रव्यांची तपासणी आवर्जून मागावी. प्लाझ्मा बदलणे व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वेळीच मिळाल्यास मूत्रपिंडे वाचण्याची आशा वाढते.