पाट्याचा बुश घरी बदलताना
(वेरूळच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाचं बोलणं झालं. आता पाच मिनिटं जीपखाली शिरू.

कापूस भरून आपण वेरूळहून कन्नडला निघतो, कुणी पुढं औट्रम घाट उतरून चाळीसगाव गाठतो. खड्ड्यात मागून खटका वाजतो, वळणावर गाडीची शेपटी हलते. आपण म्हणतो, ओझ्यानं होतंय. पाट्याचं टोक वळवून डोळा केलेला असतो, तिथं पहार लावून हलवून बघा. बोल्ट आत खेळत असेल तर रबरी बुश संपला. बुश स्वस्त असतो. पण तो गेला की लोखंडावर लोखंड घासतं, डोळा मोठा होतो आणि पाटाच बदलावा लागतो. शिवाय आपल्याकडे कापसावर माणसंही बसवतात.

आमच्या वेरूळचं कैलास लेणं छिन्नी-हातोड्यानं कोरलं. हे काम मात्र हातोड्याचं नव्हे. घणानं डोळा चेमटतो. जाळ तर लावूच नका, विळ्याचं उतरतं तसं पाट्याचं पाणी उतरतं.

पूर्ण आटे पाडलेला लांब बोल्ट, नट, जाड वायसर आणि बुश आत मावेल असा पाइपाचा तुकडा, एवढं पुरतं. चाकांना दगड लावा, चासीखाली ठोकळे रचा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणी जाऊ नये. आसाला दुसरा जॅक द्या, एका वेळी एकच टोक सोडा. डोळ्याच्या एका अंगाला पाइप टेकवा, दुसऱ्या अंगाला बुशाच्या मापाचं वायसर. बोल्ट आरपार घालून नट आवळत जा. जुना बुश पाइपात येतो. नवा ह्याच रीतीनं आत ओढायचा.

आपण बैलगाडीच्या आखाला वंगण देणारी माणसं, हात तिकडेच जातो. वंगण बोल्टच्या आट्यांना द्या. रबराला लागलं तर ते फुगून सडतं. तिथं साबणाचं पाणी.

आम्ही पहिल्या खेपेला चाक लोंबत असतानाच शेवटचा नट गच्च केला. गाडी खाली आली, वजन पडलं, रबराला पीळ बसला. एका हंगामात बुश फाटला! नट आधी हातानं लावा, गाडी चाकांवर उतरवा, मग आवळा. आठवड्यानं पुन्हा पाना लावून बघा.

पुढं गोल गुंडाळीची स्प्रिंग असेल तर तिथं हात घालू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरतो. ती गाडी मिस्त्रीकडेच न्या, आणि त्या दिवशी मजुरीची घासाघीस करू नका.