आज्ञा, फंक्शन आणि कापसाचा हिशेब

अचलपुरांतील एखादा विद्यार्थी जावास्क्रिप्ट शिकूं लागतो, तेव्हां त्याची पहिली तक्रार बहुधा हीच असते : फंक्शन लिहिलें, पण पडद्यावर कांहींच उमटलें नाहीं.

दोष यंत्राचा नसतो. फंक्शन लिहिणें म्हणजे कामाची रीत सांगून तिला नांव देणें. ती रीत चालविण्याची आज्ञा निराळी. नांवापुढें गोल कंस घातले म्हणजे ती आज्ञा होते. कंस विसरले, तर ब्राउझर चूकहि दाखवीत नाहीं. मुकाट्यानें पुढें जातो. या मौनामुळेंच कित्येक हुशार मुलें ‘हें आपणांस जमणार नाहीं’ असें ठरवून बाजूला होतात.

त्याहून फसवी गोष्ट बेरजेची. समजा, कापसाच्या दोन खेपांचें वजन चौकटींत भरलें : ८ व ५ क्विंटल. यावयाचे १३; हिशेबपट्टीवर येतात ८५! चौकटींतून आलेलें वजन संगणकाच्या लेखीं अंक नसून अक्षरें असतात, आणि अधिक चिन्ह अक्षरांना केवळ शेजारीं जोडतें. गुणाकारांत मात्र तींच अक्षरें आपोआप अंक बनतात. म्हणून एका खेपेची किंमत बरोबर येते व चूक लपून राहते. १९९५ मध्यें ब्रेंडन आइक यांनीं या भाषेचें पहिलें रूप सुमारें दहा दिवसांत उभें केलें. तिची ही सढळ वृत्ति सावकाराच्या वहींत क्षणभरहि खपली नसती.

उपाय सोपा आहे. बेरजेपूर्वीं प्रत्येक वजन ‘नंबर’ या फंक्शनच्या कंसांत घालावें, आणि आलेली बेरीज ‘रिटर्न’ या शब्दानें परत करावी. ती नुसती पडद्यावर दाखविली, तर पुढें भावाशीं गुणण्यास हातीं कांहींच उरत नाहीं.