रेनफिल्ड: ड्रॅक्युला भारी, पिक्चर फुसका

आज २०२३चा ‘रेनफिल्ड’. अ‍ॅक्शन, कॉमेडी, हॉरर, सगळं ९३ मिनिटांत. निकोलस केज ड्रॅक्युला झालाय म्हटल्यावर मी बाकी काही न वाचता बघायला बसलो.

कल्पना खरंच भन्नाट आहे. रेनफिल्ड म्हणजे निकोलस होल्ट, ड्रॅक्युलाचा कित्येक वर्षं जुना नोकर. साहेबांसाठी माणसं पकडून आणायची, साहेब भाजून निघाले की त्यांची सेवा करायची. आणि हा पठ्ठ्या न्यू ऑर्लीन्समध्ये एका सपोर्ट ग्रुपात जाऊन बसतो, जिथे लोक आपापल्या छळणाऱ्या माणसांबद्दल बोलतात. जातो खरं तर शिकार शोधायला, पण ऐकता ऐकता त्याला कळतं की ही तर आपलीच गोष्ट.

तिथे मी पिक्चर पॉज केला. पहिल्या नोकरीत माझा एक मॅनेजर होता. रात्री साडेअकराला फोन, आणि राजीनाम्याचा विषय काढला की, ‘तुला घडवला कोणी?’ तीन वर्षं मी ऐकून घेतलं. केजचा ड्रॅक्युला रेनफिल्डच्या फ्लॅटवर येऊन हेच करतो. आधी लाडीगोडी, मग धमकी, मग उलट स्वतःच बिचारा होणं. त्याच्या दातांची नाही, पण त्या आवाजाची मला भीती वाटली.

आणि एवढं हातात असताना पिक्चर पळतो कुठे? लोबो नावाच्या माफिया कुटुंबाकडे! आमच्याकडे चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये क्लायंट ऐनवेळी नवीन फीचर घुसडतो ना, तसं. ऑक्वाफिनाची पोलीस, तिच्या वडिलांचा सूड, भ्रष्ट पोलीस खातं... अरे, पण ड्रॅक्युला कुठेय? रेनफिल्ड किडे खाऊन ताकद मिळवतो आणि लोकांचे हात उपटून त्यांनीच मारतो. पहिल्यांदा हसू येतं. तिसऱ्यांदा रक्त कॉम्प्युटरवर केलेलं दिसायला लागतं.

मला सगळ्यात जास्त राग आला तो शेवटाचा. (स्पॉयलर आहे, कान बंद करा.) ड्रॅक्युला अख्ख्या सपोर्ट ग्रुपाला मारून टाकतो. पोटात गोळा आला माझ्या. आणि मग त्याच्याच रक्ताचे थेंब पाजून सगळे परत जिवंत! म्हणजे घाबरलो ते फुकटच.

तरी सुरुवातीचे ब्लॅक अँड व्हाइट तुकडे चुकवू नका, १९३१च्या ‘ड्रॅक्युला’त केज आणि होल्टला बसवलंय. फ्लॅटमधला सीनही बघाच. गोळीबार सुरू झाला की खुशाल चहा टाकायला जा.