परग्रहावरचं टपाल आणि आपलं आवक-जावक



गणपतीच्या मांडवात परग्रहवासीयांवर व्याख्यान म्हटल्यावर काहींना हसू आलं असेल. पण उद्या आकाशातून कुणी पृथ्वीला हाक मारलीच, तर त्यांची भाषा कळण्याआधी उत्तर कुणी द्यायचं यावरच आपल्यात जुंपेल, असं आम्हाला वाटतं. आणि दोन सरकारांच्या मधल्या पट्ट्यात राहणं म्हणजे काय, हे बेळगाव-निपाणीच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आपल्याकडून एक हाक तर केव्हाच गेली आहे. १९७७ साली अमेरिकेच्या 'नासा'नं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यावर ५५ भाषांतली अभिवादनं आहेत. त्यांत मराठी आहे, कन्नडही आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. व्हॉयेजर-१ आज दोन हजार कोटी किलोमीटरपेक्षा लांब पोचलं आहे.

आता गंमत पाहा. मराठी अभिवादन पृथ्वीवरच्या सगळ्या लोकांतर्फे शुभचिंतन करतं; कन्नड अभिवादन फक्त कन्नडिगांतर्फे बोलतं. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांचा संदेश वेगळा, अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांचा वेगळा. माणसं अजून राष्ट्राराष्ट्रांत वाटलेली आहेत, हे कार्टरनी त्यात लिहूनच दिलं आहे. साऱ्या पृथ्वीचं मुखत्यारपत्र आपल्या मराठीला कुणी दिलं होतं? कुणीच नाही, आणि तसं ते कुणाकडेच नव्हतं. तरी ५५ भाषा एका तबकडीवर सुखानं नांदताहेत. भाषा अनेक असल्यानं अडत नाही; निर्णय कुणाचा हे ठरलेलं नसलं की अडतं.

ते कसं, हे आपण कोगनोळीच्या नाक्यावर पाहिलं. कोरोनाही न बोलावता आलेला पाहुणाच. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात येताना आरटी-पीसीआरचा अहवाल दाखवावा लागत होता. एकाचं शेत अलीकडे, घर पलीकडे. कुणाच्या लेकीचं सासर कागलला. प्रत्येक सरकार आपल्या लोकांच्या काळजीनंच नियम करत होतं, पण विषाणूला कुठं राज्य होतं? एका संविधानाखालच्या दोन राज्यांत ही गत, तर अमेरिका, रशिया, चीन यांचं काय होईल? ज्याला संकेत आधी मिळेल, त्याला तो दडवून ठेवण्याचा मोह होणार.

निसर्ग मात्र एकट्याला ऐकू देत नाही. नारायणगावजवळ खोडदला आपल्या ३० मोठ्या रेडिओ दुर्बिणी आहेत. समजा, तिथं एखाद्या ताऱ्याकडून संकेत आला. काही तासांत तो तारा मावळणार. पुढचं ऐकायला पश्चिमेकडच्या देशांची दुर्बीण लागणार. म्हणजे सांगावं तर लागेलच.

म्हणूनच १९८९ साली अंतराळशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं काही तत्त्वं ठरवली. संकेत मिळाला तर आधी इतरांकडून खात्री करून घ्या, मग जगाला उघड सांगा, आणि आंतरराष्ट्रीय सल्लामसलतीशिवाय उत्तर धाडू नका. आम्हा सरकारी नोकरांच्या भाषेत सांगायचं तर आवक रजिस्टर सर्वांना खुलं. जावक मात्र एकट्याच्या सहीनं नाही. पण या तत्त्वांना कायद्याचं बळ नाही. १९७४ मध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीतून शास्त्रज्ञांनी जगाला न विचारता संदेश पाठवला. ब्रिटनचे राजखगोलज्ञ मार्टिन राइल यांनी हरकत घेतली, पण तोवर टपाल गेलं होतं. ते परत बोलावता येत नाही.

मग साऱ्या जगाचं एक सरकार होईपर्यंत थांबायचं का? आपल्या नद्यांकडे पाहा. वेदगंगा, दूधगंगा महाराष्ट्रातून इकडे येतात, कुणाची परवानगी घेत नाहीत. वरच्या धरणांतून किती पाणी सुटलं, हे वेळेत कळलं तर आपली नदीकाठची गावं सावध होतात. अलमट्टीतून किती सोडलं, हे सांगली-कोल्हापूरला हवं असतं. सीमाप्रश्न १९५६ पासूनचा. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. पण पाणी चढत असताना आकडे देण्यासाठी त्या निकालाची वाट बघून भागत नाही. वाद आपल्या जागी राहतो, आणि आकडे द्यायचे ते द्यावेच लागतात.

जगानंही एवढंच करावं. भांडणं मिटण्याची वाट न पाहता कळवण्याची रीत आधी ठरवावी, आणि तिला करारानं बळ द्यावं. आपण मराठीचा आग्रह सोडावा, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. हक्काचं मागणं मागत राहू. पण पलीकडच्याला वेळेवर खबर देणं ही त्या हक्कातली तडजोड नव्हे, तो शेजारधर्म आहे. ज्याला वेदगंगेच्या काठी तो पाळता येतो, त्याला आकाशातल्या पाहुण्यापुढंही पाळता येईल.

गणपती बाप्पा मोरया!