पाण्याला आधी जागा द्या
(कोल्हापूरजवळच्या उचगाव येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषण)

पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये ५६ च्या वर. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि नदीच्या अलीकडे, आपल्या बाजूला, ट्रकांच्या रांगा लागल्या. हे सगळं तुम्ही बघितलंय. याच नदीकाठच्या गावांच्या माळावरच्या विहिरी मात्र एप्रिल-मेमध्ये तळ दाखवतात. आपण पुराची बैठक जुलैत घेतो, टंचाईची एप्रिलमध्ये. फाइल वेगळी, साहेब वेगळे. पाणी तेच असतं.

ते येतं कुठून, हे बघायला नदीच्या वरच्या अंगाला जावं लागतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सह्याद्रीच्या माथ्याखालून निघतात आणि प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. माथ्यावर सडे, म्हणजे उघडी खडकाळ पठारं, आहेत. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. उन्हाळ्यात तिथं उभं राहिलं की वाटतं, ही पडीक जमीन. सरकारी कागदावर बऱ्याचदा तसंच लिहिलेलं असतं. पण सड्यावर जांभ्याचा थर असतो आणि जांभा सच्छिद्र असतो. पावसात खळगे भरतात, पाणी भेगांतून आत उतरतं, खालच्या काळ्या पाषाणावर अडतं आणि मग कड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतं. पाऊस थांबल्यावरही कितीतरी दिवस ओढा वाहतो तो या झऱ्यांवर. त्याच जांभ्यात बॉक्साइट असतं, म्हणून राधानगरी-शाहूवाडीकडे खाणी झाल्या. जांभ्याचा थर खरवडून नेला की पावसाचं पाणी मुरायला जागाच राहत नाही. खाणीची रॉयल्टी हिशेबात येते, आटलेल्या झऱ्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

डोंगरावरच्या गवताचाही हिशेब कुणी ठेवत नाही. दर उन्हाळ्यात डोंगराला वणवा लावायचा, वळवाचा पहिला दणका उघड्या मातीवर घ्यायचा आणि मग धरणात गाळ भरला म्हणून ओरडायचं.

दाजीपूरचं रान कोल्हापूरच्या छत्रपतींनी राखलं ते शिकारीसाठी. १९५८ मध्ये त्याचं अभयारण्य झालं. आज त्याच रानातून मुरलेलं पाणी राधानगरी धरणात उतरतं. हेतू काही का असेना, रान राहिलं. शाहू महाराजांचं नाव घेताना आपण या धरणाची भिंत आठवतो. १९०२ मध्ये पाटबंधाऱ्याचं धोरण आखताना त्यांनी गावोगावच्या विहिरी-तळ्यांची पाहणीही करायला लावली होती, हे मात्र विसरतो.

आणि तळ्यांचं आपण काय केलं? कोल्हापुरात वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थावर मंडई बसली. मोठा पाऊस झाला की गांधी मैदानात पाणी साचतं आणि लोक महापालिकेला शिव्या देतात. पाण्याचा पत्ता मात्र जुनाच आहे.

आता खालच्या अंगाला या. नरसोबावाडीला कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. अशा वेळी ते पसरणार कुठं? नदीकाठच्या मळीत. पूर्वी मळीत पूर यायचा, गाळ टाकून जायचा, मग रब्बीचं पीक जोमानं यायचं. आता मळीत ऊस आहे, भराव आहे, मंगल कार्यालय आहे. निळी पूररेषा, लाल पूररेषा नकाशावर आखल्या आहेत. पण मुरमाचे ट्रक नकाशा वाचत नाहीत.

इथं एक गोष्ट सरळ सांगतो, कारण निसर्गप्रेमी मंडळी ती सांगायची टाळतात. झाडं लावली, सडे राखले म्हणून २०१९ सारखा महापूर टळणार नाही. जमीन आधीच तुडुंब भिजलेली असली की पुढचा पाऊस वाहूनच जाणार. हिशेब करा. एक लाख हेक्टर जमिनीनं २५ मिलिमीटर पाऊस जास्तीचा मुरवला, तर जेमतेम पाऊण-एक टीएमसी पाणी होतं. एकट्या राधानगरीची क्षमता आठ टीएमसीच्या वर आहे. म्हणजे धरणं लागतीलच, दरवाजे वेळेवर उघडावेही लागतील. पण सडे आणि रान राखल्यानं लहान-मध्यम पुराचा जोर कमी होतो, पाणी चढायला वेळ लागतो, आणि मुरलेलं पाणी दर उन्हाळ्यात उपयोगी पडतं. महापूर काही वर्षांनी येतो, टंचाई दर वर्षी. खर्च वसूल होतो तो तिथं.

आता मळीकडे परत येऊ. नेदरलँड्सची माणसं बंधारे बांधण्यात जगात पहिली. १९९५ च्या पुराच्या धास्तीनं त्यांना अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर त्यांनी नदीला जागा देण्याचा कार्यक्रम घेतला. नाइमेखन शहरासमोर वाल नदीचा बांध साडेतीनशे मीटर मागं नेला, घरं उठवली, भरपाई दिली. भरपाई हा शब्द मुद्दाम उच्चारतो. मळीतल्या शेतकऱ्यानं शहरासाठी पूर अंगावर घ्यायचा असेल, तर शहरानं त्याचे पैसे मोजले पाहिजेत. नुसतं ‘ऊस लावू नका’ म्हणणं हा अन्याय आहे.

राहिला आपला गाव. आपल्याकडं शेताचे प्लॉट झाले, गुंठेवारी झाली, हायवेच्या कडेनं भराव पडले. सड्याचं काय करायचं ते पन्हाळ्याकडचे लोक ठरवतील. शिवारातला ओढा आणि गायरान आपल्या हातात आहे. पाऊस सुरू होण्याआधीच्या ग्रामसभेत एकच ठराव घ्या: गाव नकाशावर ओढा किती रुंद आहे आणि आज जागेवर किती उरला आहे, याची सरकारी मोजणी करून तो आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचा. मोजणीची फी भरायला मी वर्गणी देतो. तुम्ही ठराव मांडा.