केर काढता काढता

मंडळी, मोशेनं इस्राएल लोकांना आज्ञा दिली, ती उपासनेच्या वेळेपुरती नव्हती. लेकरांना सांगा म्हणाला. घरात बसलात तरी सांगा, वाटेला लागलात तरी सांगा, निजताना सांगा, उठल्यावर सांगा. यात कीर्तनकार कुठं आला? कुठंच नाही! आईबाप आले.

फादर स्टीफन्स गोव्यात आला, मराठी शिकला, आणि १६१६ साली त्याचं 'क्रिस्तपुराण' छापून निघालं. दहा हजारांवर ओव्या! ओवीच का धरली त्यानं? अहो, ओवी कानानं शिकता येते, तिला अक्षर लागत नाही.

आता माझंच सांगतो. हरवलेल्या नाण्याचं आख्यान मी गावोगाव लावलं. एकदा घरी नातीला विचारलं, "त्या बाईकडं नाणी किती होती गं?" ती म्हणाली, "आजोबा, कोणती बाई?" हातातले टाळ खाली ठेवले मी.

सकाळी सूनबाई केर काढत होती. म्हटलं, थांब, पोरीला हाक मार. दहा होती बाळा, एक हरवलं. दिवा लावला, घर झाडलं... पोर वाकून कपाटाखाली बघायला लागली!

माउल्यांनो, कणीक मळताना खमिराची गोष्ट काढा, पेरणीला पेरणाऱ्याची. चुकली तर चुकू द्या, रात्री पुस्तक उघडून नीट करा.

परवा नातीचा फोन. "आजोबा, नाणं सापडल्यावर शेजारणी आल्या, त्यांना खायला काय दिलं?" आता लूकनं हे लिहिलेलं नाही हो!